डिस्क गोल्फचा फोरहँड: क्रिकेटच्या हाताला लावायचं वेगळं वळण

डिस्क गोल्फ म्हणजे फ्रिसबीसारखी चकती, म्हणजे डिस्क, कमीत कमी फेक्यांत ठरलेल्या लक्ष्यापर्यंत न्यायचा खेळ. फोरहँड म्हणजे तळवा वर ठेवून, फेकत्या हाताच्याच बाजूने ती फेकायची रीत. पॉइंटला उभं राहून कमरेच्या उंचीवरून सपाट थ्रो मारणारा हात फोरहँड अर्धा शिकलेलाच असतो. कोपर आधी पुढे येतं, मागून हात येतो, मनगट सगळ्यात शेवटी सुटतं. हा क्रम दोन्हीकडे तोच. घात होतो तो पुढच्या अर्ध्यात. चेंडू हातातून गेला की तळवा आपोआप जमिनीकडे वळतो, आणि चेंडूला त्याचं सोयरसुतक नसतं. डिस्कला असतं. सुटण्याच्या क्षणी तळवा जरा जरी कलंडला तरी डिस्क वाकडी निघते, थरथरते, डावीकडे लोळते आणि उभी होऊन जमिनीवर चाकासारखी धावत सुटते. गोव्यात डिस्क हातात घेणाऱ्या बहुतेकांचा हात टेनिस बॉल क्रिकेटवर घडलेला असतो. म्हणून इथे सगळी मांडणी त्या एका सवयीला धरून केली आहे.

पुढचं सगळं उजव्या हाताने फेकणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट करून वाचावं.

हा फेका करतो काय

उजव्या हाताचा फोरहँड डिस्कला वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट दिशेने फिरवतो. वेग संपत आला की अशी डिस्क उजवीकडे वळून उतरते. बॅकहँडचा, म्हणजे हात छातीसमोरून आडवा नेऊन मारलेल्या फेक्याचा, फिरका घड्याळाच्या दिशेने, म्हणून तो शेवटी डावीकडे जातो. माडाच्या खोडाच्या डावीकडून जाऊन, उजवीकडे वळून त्याच्या मागे उतरायचं असेल तर बॅकहँडवाल्याला डिस्क मुद्दाम तिरकी सोडून नशिबावर हवाला ठेवावा लागतो. फोरहँडवाल्याला तेच वळण फुकट मिळतं. शिवाय फेकताना लक्ष्य पूर्णवेळ डोळ्यांसमोर राहतं. बॅकहँडमध्ये पाठ फिरवावी लागते, तसं इथे नाही.

उणीव एक आहे. हाताची फेरी छोटी असल्यामुळे फिरका बहुधा बॅकहँडपेक्षा कमी पडतो आणि सोडण्यातली चूक डिस्क झाकून घेत नाही. तरीही याला जोडधंदा समजू नये. २०१२ची जागतिक विजेती सारा होकम हिचा खेळ मुख्यतः फोरहँडवरच उभा होता.

डिस्क कोणती

समुद्रकिनाऱ्यावर खेळायची मोठी, १७५ ग्रॅमची, साधारण २७ सेंटीमीटर व्यासाची डिस्क अनेकांकडे असते. तिच्यावर फ्लिक, म्हणजे हाच फोरहँड, जमत असेल तर चांगलंच, पण गोल्फची डिस्क लहान (२१ ते २२ सेंटीमीटर), कडेला धारदार आणि वेगवान असते. मोठ्या डिस्कवर खपून जाणारी चूक हिच्यावर खपत नाही.

गोल्फच्या डिस्कवर बहुधा चार आकडे छापलेले असतात: वेग, तरंगणं, सुरुवातीला वळण्याची प्रवृत्ती आणि शेवटचं वळण. फोरहँडसाठी सर्रास इनोव्हा कंपनीच्या फायरबर्डसारखी (९, ३, ०, ४) हट्टी डिस्क सुचवली जाते. शेवटचा ४ सांगतो की ही काही झालं तरी शेवटी उजवीकडे जाणारच. हिला ओव्हरस्टेबल म्हणतात. खेळायला ती उत्तम, पण शिकायला वाईट, कारण मनगट कलंडल्याची चूक ती गिळून टाकते आणि आपलं बरं चाललंय असं वाटत राहतं. शिकताना डिस्कक्राफ्ट कंपनीच्या बझसारखी (५, ४, -१, १) मिडरेंज, म्हणजे मध्यम पल्ल्याची डिस्क घ्या. तिची कड अरुंद, बोटांना सोपी, आणि चूक झाली की ती लगेच चुगली करते. १२ किंवा १३ वेगाचे ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याच्या डिस्क, पहिले काही महिने पिशवीतच नकोत. त्यांची कड दोन सेंटीमीटरहून रुंद असते, लहान पंजाला धड धरताही येत नाही, आणि त्यांना हवा तो वेग नवख्या हातात नसतो.

वजन १६५ ते १७५ ग्रॅमच्या आसपास ठेवा. १५० ग्रॅमची हलकी डिस्क संध्याकाळी किनाऱ्यावरच्या वाऱ्यात पत्रावळीसारखी उलटते.

पकड

यावर घाई करू नका. थरथरणाऱ्या निम्म्या फेक्यांचं मूळ इथे असतं.

तळवा आकाशाकडे करा. मधल्या बोटाचं मांसल पेर डिस्कच्या पोटाशी, कडेच्या आतल्या भिंतीला टेकवा. डिस्कला शेवटचा ढकल हेच बोट देतं, त्यामुळे ते भिंतीला पूर्ण चिकटलेलं हवं. बोट आणि भिंत यांत फट राहिली तर सुटताना डिस्क आधी त्या फटीत सरकते आणि मग निघते. तेवढ्यानेही ती डगमगते.

तर्जनी ठेवायच्या दोन रीती आहेत. एकीत ती मधल्या बोटाला लागून, दोन्ही बोटं जोडून भिंतीशी राहते. दुसरीत ती उघडून डिस्कच्या पोटावर मध्याकडे रोखलेली असते. उघड्या पकडीत डिस्क सपाट ठेवणं सोपं जातं, जवळच्या हलक्या फेक्याला ती बरी. पण ताकद लावायची तर जोडलेली बोटंच हवीत, कारण उघडी तर्जनी मनगटाला पूर्ण मागे मुडपू देत नाही. आमचं मत: सुरुवातीपासून जोडलेल्या बोटांची सवय लावा.

अंगठा डिस्कच्या पाठीवर, कडेपासून थोडा आत, मधल्या बोटाच्या बरोबर वर. अंगठा आणि मधलं बोट यांच्यात डिस्क चिमटीत आली पाहिजे. अनामिका आणि करंगळी तळव्याकडे दुमडून घ्या. अनामिकेची बाजू कडेला बाहेरून टेकली की डिस्कला खालून आधार मिळतो. कड अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात नीट बसवा, तिथे पोकळी नको.

घट्टपणा किती? हात मागे नेताना एवढाच की कुणी डिस्क खेचली तर ती थोड्या अडथळ्याने निघावी. सोडायच्या क्षणी बोटं आपोआप आवळतात. आधीपासून मूठ आवळली तर मनगट ताठ होतं आणि झटका बसत नाही.

गोव्यात पकडीचा खरा शत्रू घाम. फक्त पावसाळ्याची गोष्ट नाही, मार्च ते मेमध्येही दहा फेक्यांत बोटं निसरडी होतात. दोन सुती पंचे ठेवा, एक डिस्क पुसायला, दुसरा फक्त हाताला. चकचकीत, महागड्या प्लास्टिकच्या डिस्क ओल्या झाल्या की फार सटकतात. पावसाच्या दिवसांत साध्या, खरखरीत प्लास्टिकची डिस्क जास्त विश्वासू.

उभ्याने फेका

धावत येऊन फेकायचा मोह आवरा. आधी एका जागी उभं राहून, अर्ध्या ताकदीने, २० ते २५ मीटरवरच्या खुणेकडे.

डावा पाय पुढे, उजवा मागे, अंतर खांद्यांहून थोडं जास्त. डाव्या पायाचा अंगठा लक्ष्याकडे किंवा किंचित उजवीकडे. छाती लक्ष्याकडे सरळ न ठेवता उजवीकडे साधारण ४५ अंश वळवा. वजन मागच्या पायावर जास्त, गुडघे सैल.

डिस्क मागे न्या, पण खांद्यामागे फार लांब नाही. लांब नेलेला हात ताकद वाढवत नाही, फक्त सुटण्याची वेळ चुकवतो. कोपर काटकोनात किंवा त्याहून थोडं उघडं, बरगड्यांपासून वीतभर अंतरावर. डिस्क कमरेच्या थोडी वर. मनगट मागे मुडपलेलं आणि तळवा वर. इथेच एकदा खाली बघून घ्या, डिस्क सपाट आहे ना. मागे असताना वाकडी असलेली डिस्क पुढे येऊन सरळ होत नाही.

आता वजन डाव्या पायावर आणा. डावा पाय टेकून घट्ट झाला की कंबर लक्ष्याकडे फिरते आणि कंबरेमागोमाग कोपर पुढे येतं. कोपर उजव्या कमरेच्या पुढे पोचलं तरी डिस्क अजून मागेच असली पाहिजे. क्रिकेटवाल्यांना हे जमतं, इथे त्यांना काही शिकवावं लागत नाही. मग कोपर थबकतं. ते थबकल्यामुळेच पुढचा हात सटकन उघडतो, आणि तो उघडत असताना मनगट मागून पुढे झटकतं. डिस्क उजव्या कमरेच्या थोडं पुढे, शरीराजवळून सुटते.

सुटल्यावर हात तिथेच थांबवा. बोटं लक्ष्याकडे, तळवा वर. झटका मनगटाचा आहे, खांद्याचा नाही. हात डाव्या खांद्यापर्यंत ओढला गेला तर समजा की फेकलं खांद्यानेच. प्रत्येक फेक्यानंतर डिस्क कुठे पडली ते बघण्याआधी स्वतःच्या तळव्याकडे बघा. जमिनीकडे वळलेला दिसला तर तो फेका, कुठेही पडो, चुकलेलाच धरा.

काय बिघडतं आणि का

सर्वांत जास्त दिसणारी चूक: डिस्क निघते बरी, मग डावीकडे कलंडत जाते आणि उभी होऊन लोळते. कारण सोडताना अंगठ्याची बाजू वर आली, म्हणजे हाताने चेंडूची सवय पाळली. उपाय असा की डिस्कची उजवी कड मुद्दाम थोडी खाली ठेवून सोडा. याला हायझर म्हणतात. नुसतं मनगट वाकवू नका, उजवा खांदा थोडा झुकवून सगळं शरीरच उजवीकडे किंचित कलतं करा. मनगट परत कलंडलं तरी डिस्क सपाटापर्यंतच येते. दुसरा, जास्त कठोर उपाय: डाव्या हाताने उजवं कोपर बरगडीजवळ धरून ठेवा आणि फक्त मनगटाने १० ते १५ मीटर फेका. खांद्याला कामच राहत नाही, त्यामुळे तळवा वळला तर लगेच कळतं. पहिले दोन आठवडे प्रत्येक सराव याच व्यायामाने सुरू करावा.

थरथर. डिस्क सुटल्यापासून कडा वरखाली होत जाते. कारणं तीन: बोट भिंतीला चिकटलेलं नाही, अंगठा मधल्या बोटाच्या वर नसून बाजूला सरकलाय, किंवा ताकद मनगटाच्या कुवतीबाहेरची लावली जातेय. पहिली दोन पकडीत तपासा. तिसऱ्याला औषध एकच, ताकद निम्म्यावर आणा. थरथरणारी डिस्क नुसती वाईट दिसत नाही, ती आपल्या आकड्यांपेक्षा जास्त डावीकडे कलते. म्हणून नवखा माणूस चांगल्या डिस्कला नावं ठेवून अजून हट्टी डिस्क विकत घेतो, आणि चूक तशीच राहते.

नाक वर. डिस्कची पुढची कड वर आणि मागची खाली असेल तर ती फुगून वर चढते, हवेत थांबल्यासारखी होते आणि उजवीकडे घसरत खाली येते. बघणाऱ्याला वाटतं ताकद कमी पडली, म्हणून पुढचा फेका आणखी जोरात आणि आणखी वर. सोडताना मागे रेललं किंवा डिस्क खालून वर उचलली की असं होतं. वजन डाव्या पायावर पूर्ण येऊ द्या आणि अंगठ्याने डिस्कची पाठ खाली दाबून धरा. सरावासाठी दोन माडांमध्ये छातीच्या उंचीवर सुंभ बांधा, त्याच्या अलीकडे पाच-सहा मीटरवर उभे राहा आणि डिस्क त्याखालून ३० मीटर पलीकडे न्या. खालून गेलेली डिस्क पुढे किती लांब जाते ते पाहिलं की उंच फेकायची हौस जाते.

हातातूनच उजवीकडे गेली तर लवकर सुटली, डावीकडे गेली तर उशिरा. घामट बोटांनी बहुधा लवकर सुटते.

कुठे फेकायचं आणि वारा

ओहोटीच्या वेळी मिरामार, कोलवा, बाणावली इथली ओली, घट्ट वाळू सरावाला चांगली. पण दिशा ठरवून उभं राहा. गोव्याचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. उत्तरेकडे फेकलं तर समुद्र डाव्या हाताला येतो आणि फोरहँड शेवटी उजवीकडे, जमिनीकडे वळतो. बॅकहँड मात्र पाण्यात जातो. दक्षिणेकडे फेकताना हेच उलट. बहुतेक डिस्क पाण्यात बुडतात. इनोव्हाच्या ड्रॅगनसारख्या मोजक्याच तरंगतात. म्हणून फोरहँड उत्तरेकडे फेकत जा आणि परत येताना बॅकहँड फेका.

दुपारी समुद्राकडून वारा सुटतो. उत्तरेकडे तोंड असेल तर तो डावीकडून, बऱ्याचदा डावीकडून-समोरून येतो. शेवटी उजवीकडे वळताना डिस्कची उजवी कड खाली आणि डावी वर असते, म्हणजे तिचं पोट वाऱ्याकडे उघडं पडतं. वारा तिला उचलतो आणि अजून जमिनीकडे, सुरूच्या झाडांत नेऊन टाकतो. लक्ष्याच्या चांगलंच डावीकडे रोखा. दक्षिणेकडे फेकताना वारा उजवीकडून डिस्कच्या पाठीवर बसतो आणि तिला खाली दाबतो, तेव्हा ती अपेक्षेआधी टेकते. समोरच्या वाऱ्यात डिस्क जास्त डावीकडे कलते, तिथे फायरबर्डसारखी हट्टी डिस्क आणि थोडा हायझर हवा. पाठीमागच्या वाऱ्यात ती लवकर वळून पडते, तिथे बझ बरी. शिकायला सकाळी आठच्या आधीची वेळ सर्वांत चांगली. वारा नाही, माणसं नाहीत, आणि फेका वाकडा गेला तर दोष हाताचाच.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. कुंपण घातलेल्या भागाजवळ फेकायचंच नाही, डिस्क आत गेली तरी स्वतः शिरायचं नाही.

किनाऱ्यापासून लांब असणाऱ्यांना सरद, म्हणजे पावसाळी भाताचं पीक कापल्यावर मोकळी झालेली शेतं आहेत. मालकाला विचारा, आणि शेजारी वायंगणाची, म्हणजे पुढच्या भातपिकाची तयारी चालू असेल तर त्या मेरेच्या पलीकडे फेकू नका. सड्यावर जागा भरपूर, पण जांभ्या दगडावर दोन-चारदा घासली की डिस्कच्या कडेला दाते पडतात आणि ते बोटांना लागतात. बारीक सँडपेपरने हलकेच घासून घ्या. माडांच्या भाटात ओळींमधून सपाट, कमरेच्या उंचीचा फोरहँड मारायचा सराव फार उपयोगी पडतो. फक्त नारळ पाडणं चालू असेल त्या दिवशी नाही.

किती आणि कोपराची काळजी

आठवड्याला तीन दिवस, दिवसाला ३० ते ४० फोरहँड पुरे. पाच-सहा सारख्या डिस्क घ्या, म्हणजे प्रत्येक फेक्यानंतर आणायला पळावं लागत नाही आणि एका लयीत सहा फेके होतात. आधी पाच मिनिटं हात-खांदे फिरवा, मग १०, १५, २० मीटर असं वाढवत जा. थंड हाताने पहिलाच फेका पूर्ण जोरात मारणं म्हणजे कोपराला आमंत्रण. फोरहँडमध्ये ताण कोपराच्या आतल्या बाजूवर येतो, जलदगती थ्रो करणाऱ्या क्षेत्ररक्षकाला दुखतं तिथेच. नुसती हाताची शीण वेगळी आणि आतल्या हाडाजवळची टोचणारी कळ वेगळी. कळ आली की त्या दिवसाचा सराव बंद. दोन-तीन दिवसांनी परत आली तर डॉक्टरला दाखवा. दुखत्या कोपराने फेकताना माणूस नकळत खांदा ओढायला लागतो आणि तीच वाईट सवय बरं झाल्यावरही राहते.

धाव शेवटी

उभ्याने दहापैकी आठ फेके न थरथरता ३५ ते ४० मीटर जायला लागले की मगच पावलं जोडा. तीन पुरेत: डावं, उजवं, डावं. पहिलं सावकाश, दुसरं लांब, त्यात उजवा पाय डाव्याच्या मागून किंवा शेजारून जातो आणि शरीर उजवीकडे वळतं. तिसरं घट्ट. हात मागे जाणं दुसऱ्या पावलाबरोबर, झटका तिसरं पाऊल टेकल्यानंतर. डावा पाय टेकायच्या आधी हात सुटला तर धावेची ताकद वाया जाते आणि डिस्क डोक्यावरून वर चढते. क्रिकेटमधल्या धावत्या थ्रोची घाई इथेच आडवी येते, तेव्हा तीन पावलं चालत्या गतीने टाका. धावायची गरज बऱ्याच दिवसांनी पडते.

टी म्हणजे पहिल्या फेक्याची जागा. ती आखलेली नसेल तर रेषेमागे ३ मीटर मोकळे मिळतात, तेवढ्यात तीन पावलं आरामात बसतात. पुढच्या फेक्यांना मात्र मार्करच्या (आधीची डिस्क जिथे थांबली त्या खुणेच्या) मागे २० सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर खोल एवढ्याच चौकोनात, सुटण्याच्या क्षणी, तुमचा पाय टेकलेला हवा. शेताच्या ढेकळांत किंवा माडाच्या मुळांशी धावत येऊन डावं पाऊल त्या चौकोनात टेकवणं नवख्याला जमत नाही. तिथे धाव सोडून द्या, उभ्याने फेका.